रातांब्याचं सरबत घरी घालताना : तुमचे अनुभव सांगा

मे महिना अर्धा झाला की मंडईत रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, येतात का याकडे माझं लक्ष लागून राहतं. गेल्या वर्षी पहिल्यांदाच घरी अमृत कोकम, म्हणजे साखरेत मुरवलेलं रातांब्याचं सरबत, घातलं. अडीच किलो रातांबे आणले, धुतले, लगेच कापले, साखर अंदाजानेच टाकली, काचेची बरणी घट्ट झाकण लावून बाल्कनीत ठेवली आणि पाचव्या दिवशी उघडते तर फस्सकन आवाज आणि ताडीसारखा वास. सगळं ओतून द्यावं लागलं, फार वाईट वाटलं. आई दरवर्षी करायची, पण तेव्हा कधी शेजारी बसून बघितलं नाही आणि आता विचारायला ती नाही. प्रमाणं खूप ठिकाणी मिळतात, मला ज्यांच्या हाताखालून गेलंय त्यांचं ऐकायचंय. काय करता, काय चुकलं होतं, सगळं लिहा. पुण्यात असते, ऊन कडक असतं पण बाल्कनीत दुपारी तीनपर्यंतच.

कुडाळहून
ताई, दोन गोष्टी झाल्या असणार, सालींना पाणी राहिलं आणि साखर कमी पडली. आमची आई रातांबे धुवून रात्रभर कापडावर पसरून ठेवते, सकाळी एकेक पुसून घेते, मगच सुरी लावते. दोन भाग करायचे, बिया गरासकट वेगळ्या काढायच्या आणि राहिलेल्या सालींच्या वाट्यांचं वजन करायचं, अख्ख्या फळाचं नाही, इथेच पुष्कळ जण चुकतात. वाट्या एक किलो तर साखर दोन किलो. ऐकायला खूप वाटते पण ती साखर गोडीपेक्षा टिकण्यासाठी आहे, कमी घातली की पाक पातळ राहतो आणि आंबतो, आणि पिताना आपण पाच-सहा पट पाणी घालतोच की. वाट्या उताण्या ठेवून त्यात साखर भरायची, थरावर थर, सगळ्यात वर साखरच. चिनी मातीची नाहीतर काचेची बरणी, धातूचं काहीही नको, हा आंबटपणा धातूला धरतो. तोंडाला पातळ फडकं बांधून उन्हात. दुसऱ्या दिवशीच रस सुटायला लागतो, रोज सकाळी कोरड्या लाकडी चमच्याने खालवर करायचं, आठ-दहा दिवसांत तळाची साखर पूर्ण विरघळते, मग गाळायचं. मीठ आणि जिरेपूड आम्ही पिताना घालतो, बाटलीत नाही.

गाळून राहिलेल्या साली टाकू नका हां, उन्हात वाळवल्या की मुलं येता-जाता खातात. बियाही आमच्याकडे फुकट जात नाहीत, वाळवून कोकमाचं तेल काढतात, ते मेणासारखं घट्ट असतं आणि टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं औषध मी तरी बघितलेलं नाही. एकच घाई असते, वळवाचा पाऊस. तो आला की फळं झाडाखाली पडून सडतात आणि घातलेल्या बरण्याही ओल धरतात, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरात दुसरं कुठलंच काम होत नाही.

पेडण्याहून
आम्ही गोव्यात याला भिरंडां म्हणतो. साखरेचं कमीच करतो, आमच्या घरात आगळ जास्त. साली आणि गर मिठात घालायचे, रस सुटला की गाळून बाटलीत भरायचा, वर्षभर सोलकढीला तोच. भर उन्हातून आलेल्या माणसाला मात्र नारळाशिवायची तिवळ देतो, म्हणजे आगळ, पाणी, ठेचलेली मिरची, हिंग, कोथिंबीर. आगळात मीठ असतंच म्हणून वरून घालताना आधी चव घ्या, नवीन सुनेकडून हमखास खारट होते, माझ्याकडून पण पहिल्या वर्षी झाली होती आणि सासूबाईंनी काही न बोलता त्यात नारळाचं दूध ओतून कढी करून वाढली, ते मी अजून विसरले नाही.

दापोलीहून
सरबताचं वर आलंय, मी झाडाबद्दल लिहितो. वडिलांनी घरामागे बी लावून चार झाडं वाढवली. सात-आठ वर्षं पाणी घातलं, मग फुलं आल्यावर कळलं की त्यातली तीन नर. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलं येईपर्यंत ओळखता येत नाहीत. म्हणून जागा असेल तर कलमच लावा, आपल्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात 1997 मध्ये काढलीय, तिची कलमं मिळतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं याचा अभिमान आहेच, पण अजूनही गावात कितीतरी रातांबे उचलायला माणूस नाही म्हणून झाडाखालीच कुजतात, ते बघवत नाही. जे शहरात आहेत त्यांनी ओळखीच्या बागवाल्याकडून थेट मागवा, त्याला चार पैसे मिळतात.

डोंबिवलीहून
खिडकीत जेमतेम दोन तास ऊन येतं तरी माझं दरवर्षी छान होतं, फक्त पंधरा-सोळा दिवस लागतात आणि साखरेत हात आखडायचा नाही. आणि एक, गाळल्यावर बरणी घासताना मुलीला हाक मारा. लाल डाग साबणाच्या पाण्यात निळसर जांभळे होतात. शाळेत लिटमस शिकवतात तेच हे, माझी लेक दरवर्षी त्याची वाट बघते.

नागपूरहून
आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर गेला की कैरी भाजून केलेलं पन्हंच. पण नणंद रत्नागिरीला असते, तिच्याकडून एक बाटली येते आणि ती मी पाहुण्यांसाठी काढतच नाही, घरच्यांसाठी ठेवते.

न्यू जर्सीहून
ताजे रातांबे मिळणं शक्यच नाही. सुकी आमसुलं रात्रभर कोमट पाण्यात भिजवते, सकाळी कुस्करून गाळते, त्यात गूळ आणि जिरेपूड. अमृत कोकमाचा तो दाटपणा येत नाही, रंगही करडा लाल येतो, पण अंगावर पित्त उठलं की आजी हेच पाणी प्यायला द्यायची त्यामुळे मला ही चव घरची वाटते. आमसुलं खारवलेली असतील तर मीठ घालू नका.

पुन्हा पुण्याहून
सगळ्यांचे मनापासून आभार. झाकण घट्ट लावलं होतं, साखर वाट्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती आणि धुतल्या धुतल्या कापले होते, म्हणजे तिन्ही चुका माझ्याच. परवा परत दोन किलो आणले, रात्रभर पंख्याखाली सुकवले, वाट्या वजन करून दुप्पट साखर. आज तिसरा दिवस, रस वाट्यांच्या वर आलाय आणि वास अगदी आईच्या फडताळातला येतोय. संध्याकाळी ढग येतात म्हणून चारलाच आत घेते. एक विचारायचं होतं, काचेला आतून वरच्या बाजूला थेंब धरलेत, ते तसेच राहू देऊ का?

कुडाळहून
नको, कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्या. आणि रात्रीपण झाकण नको, फडकंच बांधा.