मदत हवी आहे: जुनी डस्टर डिझेल, रनिंग ७१ हजार. टायमिंग बेल्ट आत्ता बदलू की लाखाला?

नाशिकचा_चिवडा
नमस्कार मंडळी. नुकतीच सेकंडहँड डस्टर घेतली. २०१५ चं मॉडेल, १.५ डिझेल, ८५ पीएसवाली, रनिंग ७१ हजार. आधीचे मालक पुण्याचे, वयस्कर गृहस्थ, गाडी फारशी बाहेर काढत नसत. बॉडी स्वच्छ, क्लच ठीक, टायर मात्र मला घालावे लागले. सर्व्हिसचे कागद २०१८ नंतर सापडत नाहीत.

आता घोडं अडलंय टायमिंग बेल्टवर. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो आधी बेल्ट बदला, मग बाकीचं बोलू. आमचे नेहमीचे मेस्त्री म्हणतात, "कशाला एवढ्यात खर्च करता? लाखाला बघू. आवाज आला तर या." दोघांचंही आपापलं गणित असणार. दिवाळीत आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जायचंय, आईबाबा आणि मुलं सोबत. बेल्ट जायला आला हे आधी कळतं का? डॅशबोर्डवर दिवा वगैरे लागतो का? आणि बदलायचाच तर नुसता बेल्ट की अजून काही?

पाना_बारा_तेरा
मेस्त्रींचा मान ठेवून सांगतो, "आवाज आला तर या" हे टायमिंग बेल्टला लागू नाही. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते; ती ढिली झाली की खडखडते, ऐकू येते. बेल्ट रबराचा, आत काचतंतूंच्या दोऱ्या. तो गुपचूप चालतो आणि गुपचूपच तुटतो, किंवा त्याचे दोन-चार दात सोलले जातात. आवाज आलाच तर बहुधा टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा येतो, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. दिव्याची वाट बघू नका. टायमिंग बेल्टसाठी वेगळा दिवा काही मोजक्याच गाड्यांना असतो, आणि तोही किलोमीटर मोजून लागतो, बेल्टची तब्येत बघून नाही.

तुमचं इंजिन म्हणजे रेनोचं के९के. हेच इंजिन टेरानो, लॉजी, सनी आणि मायक्रा डिझेल, व्हेरिटो या गाड्यांत आहे, त्यामुळे किट आणि माहीतगार हात दोन्ही मिळतात. यात पिस्टन वर आणि व्हॉल्व्ह खाली एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. ती वेळ सांभाळतो बेल्ट. क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) दोनदा फिरला की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग व्हॉल्व्ह वाकडे, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं. नशीब वाईट असेल तर पिस्टनलाही मार.

सावंतवाडी_एक्स्प्रेस
एवढं घाबरवू नका हो त्यांना. माझ्या भावाच्या डस्टरचा बेल्ट १ लाख १५ हजारला काढला, नव्यासारखा होता. ७१ हजाराला बदलणं म्हणजे पैसे जास्त झालेत.

पाना_बारा_तेरा
भावाची गाडी ते १ लाख १५ हजार किती वर्षांत चालली?

सावंतवाडी_एक्स्प्रेस
साडेचार-पाच वर्षं. सावंतवाडी-पुणे सारखं चालू असतं त्याचं.

पाना_बारा_तेरा
मग फरक तिथेच आहे. रबराला वय असतं. कंपन्या बेल्टसाठी दोन आकडे देतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि जो आधी भरेल तो धरायचा असतो. आपल्याकडे सगळे पहिला आकडा तोंडपाठ म्हणतात, दुसरा कोणी वाचत नाही. साधारणपणे डिझेल गाड्यांना ८० हजार ते दीड लाख किमी आणि ५ ते १० वर्षं या पट्ट्यात कुठेतरी आकडा असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा, किंवा चासी नंबर देऊन विचारून घ्या. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या सालांत आकडे बदललेले आहेत, त्यामुळे इंटरनेटवरचा युरोपचा आकडा इथे लावू नका.

भावाची गाडी हायवेवर पळाली, पाच वर्षांत काम संपलं. ही पुण्यात उभी. उन्हात, पावसात, आठवड्यातून एकदा भाजीला. शहरात गाडी कमी किमी चालते पण इंजिन तास भरतच असतात, सिग्नलला उभं राहूनसुद्धा. ७१ हजार हा आकडा दिसायला बरा आहे, पण बेल्ट मूळचाच असेल तर तो दहा वर्षांच्या पुढचा आहे. माझ्या मते वाद इथेच संपतो.

नाशिकचा_चिवडा
पटतंय. पण एक गोष्ट सापडली. आधीच्या मालकांना फोन केला, ते म्हणाले बेल्ट बदललाय. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो पाठवला. २०२१ चं, बाहेरच्या गॅरेजचं. त्यात "बेल्ट १ नग" आणि मजुरी ६०० रुपये. म्हणजे झालंय ना काम?

आडवा_स्पॅनर
मजुरी ६०० म्हणजे तो बाहेरचा बेल्ट, ज्याला सगळे अजून फॅन बेल्टच म्हणतात. अल्टरनेटर, एसी चालवतो तो. टायमिंग बेल्टला हात घालायचा तर उजवीकडचं चाक, आतलं प्लास्टिक, इंजिनाचं माउंटिंग, क्रँक पुली, कव्हरं, एवढं सगळं उतरवावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम. ६०० रुपयांत कोण करेल? शिवाय बिलात टेन्शनर नाही, पंप नाही, कूलंट नाही. मालक खोटं बोलत नसतील, त्यांना "बेल्ट बदलला" एवढंच सांगितलं गेलं असणार. हा घोळ फार कॉमन आहे, जुनी गाडी घेताना प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा.

बॉनेट उघडून टायमिंग कव्हरवर स्टिकर किंवा मार्करने लिहिलेली तारीख आणि किमी आहे का तेवढं बघा. चांगले मेस्त्री लिहून ठेवतात. नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला.

आणि त्या बाहेरच्या बेल्टकडेही दुर्लक्ष नको. तो फाटला तर त्याच्या चिंध्या क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरात ओढल्या जाऊ शकतात आणि चांगला टायमिंग बेल्ट दात सोडतो. म्हणजे शंभर रुपयांच्या ढिलाईने हेडचं काम. २०२१ चा असेल तर तोही याच वेळी बदला, तसाही काढावाच लागतो.

नाशिकचा_चिवडा
स्टिकर नाही. वरचं कव्हर थोडं उघडून टॉर्चने बघितलं, बेल्टला भेगा दिसत नाहीत.

आडवा_स्पॅनर
हल्लीच्या बेल्टना जुन्यासारख्या भेगा पडतातच असं नाही. वरून दिसतो तो वीतभर भाग, तोही पाठीकडून. तेलाचा ओलावा दिसला, कडा उसवलेल्या दिसल्या तर लगेच बदला, पण काही दिसलं नाही म्हणून चांगला असं म्हणता येत नाही.

काय काय बदलायचं ते सांगतो. बेल्ट आणि टेन्शनर हे किटमध्येच येतं. के९के मध्ये वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे पंपही आत्ताच. पंप नंतर गळला तर पुन्हा तीच सगळी मजुरी, आणि कूलंट लागून नवा बेल्ट वाया. कॅम आणि क्रँकची ऑइल सील बघायला सांगा, ओलसर असतील तर बदला. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्या. किट कंपनीचं किंवा गेट्स, कॉन्टिटेक, डेको अशा नावाजलेल्या ब्रँडचं, ओळखीच्या दुकानातून बिलासकट. स्वस्त डुप्लिकेटवर इथे हजार रुपये वाचवायला जाऊ नये.

नाशिकचा_चिवडा
सर्व्हिस सेंटरने सगळं मिळून साडेअठरा सांगितले. आमच्या मेस्त्रींना विचारलं तर तेराच्या आसपास म्हणाले. मेस्त्रींवर विश्वास आहे, पण त्यांनी जास्त करून मारुतीच केल्यात.

पाना_बारा_तेरा
त्यांना एकच विचारा, "या इंजिनाच्या लॉकिंग पिन आहेत का?" एक पिन क्रँक टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) अडवते, दुसरी कॅमच्या पुलीत जाते. त्या लावून बेल्ट चढवायचा, टेन्शनर खुणेवर आणायचा, पिना काढायच्या, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि पिना परत बसतात का बघायचं. मगच सेल मारायचा. "पिना कशाला, व्हाइटनरने खूण करून घेतो" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या. याच बेल्टवर डिझेलचा हाय प्रेशर पंपही फिरतो, तिथे अंदाजपंचे चालत नाही. पिना असतील आणि पूर्वी एखादी डस्टर किंवा टेरानो केली असेल तर खुशाल तेरा हजारात करा.

कोकणची_पोर
मध्येच विचारते, आमच्या स्विफ्ट डिझेललाही हे करायचं असतं का? १.३ वाली, ९० हजार झालेत.

आडवा_स्पॅनर
नाही ताई, तिला चेन आहे. ऑइल वेळेवर बदला, आणि सकाळी स्टार्टला चेनचा खडखडाट आला तर दाखवा.

नाशिकचा_चिवडा
मेस्त्रींकडे पिना नाहीत, त्यांनी स्वतःच सांगितलं आणि सातपूरच्या एका गॅरेजचा नंबर दिला. ते रेनो-निसानचंच काम करतात. पंधरा म्हणाले, बाहेरचा बेल्टही धरून. पुढच्या सोमवारी टाकतोय. तोवर गाडी चालवू का? ऑफिसला रोज २२ किमी होतात.

पाना_बारा_तेरा
चार दिवस बाईकने जा. चालवायचीच वेळ आली तर हळू, आणि हायवे टाळा. चालत्या गाडीत बेल्ट गेला तर इंजिन बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच उरतो. गाडी कडेला घ्या आणि परत परत सेल मारत बसू नका, वाकायचे राहिलेले व्हॉल्व्ह त्याने वाकतील. टोइंगच करा.

सोमवारी जुना बेल्ट आणि पंप परत मागून घ्या. बिलावर किमी लिहून घ्या, कव्हरवर तारीख टाकून घ्या.

सावंतवाडी_एक्स्प्रेस
आणि आंबोली उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या. वेंगुर्ल्यात मासे कुठे खायचे ते वेगळ्या धाग्यात सांगतो.

नाशिकचा_चिवडा
काम झालं. दुपारी दोनला दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. बेल्टवर रेनोचाच छाप होता, म्हणजे बहुतेक मूळचाच. दात शाबूत, पण पाठ कडक, दुमडला की आपोआप सरळ होत नव्हता. पंपाच्या खाली कूलंटचे वाळलेले डाग. कॅम सील किंचित ओलसर होतं, तेही बदललं, त्याचे साडेचारशे वेगळे. कूलंट नवीन भरलंय, लेव्हल दोन दिवसांत थोडी खाली गेली. हे चालतं का?

आडवा_स्पॅनर
हवा निघते, थोडी उतरते. थंड इंजिनावर खुणेपर्यंत भरा. परत उतरली तर पंपाच्या जोडाजवळ ओल आहे का ते त्यांच्याकडूनच बघून घ्या, निघण्याआधी.