मदत हवी आहे: √क्ष चं एकसमान सातत्य, १ पाशी सांधा नीट बसतोय का?

[०, ∞) वर √क्ष एकसमान संतत आहे हे दाखवायचंय, म्हणजे दिलेल्या एप्सिलॉनसाठी एकच डेल्टा सगळीकडे चालला पाहिजे: दोन बिंदूंतलं अंतर डेल्टापेक्षा कमी, तर फलाच्या (फंक्शनच्या) किमतींतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी. बिंदू अ पाशी डेल्टा = एप्सिलॉन × √अ चालतो, पण अ शून्याकडे सरकला की हा डेल्टाही आटतो. म्हणून दोन तुकडे केले. [०, १] संवृत (दोन्ही टोकं धरून) आणि सीमित, तिथे संतत फल आपोआप एकसमान संतत. [१, ∞) वर |√क्ष − √य| ≤ |क्ष − य|/२, कारण छेदातली √क्ष + √य ही बेरीज किमान २.

घोळ सांध्यावर होतो. क्ष = ०.९९, य = १.०१ घेतले तर दोघं एका तुकड्यात नाहीत, आणि दोन डेल्टांतला नुसता लहान घेऊन भागत नाही. म्हणून दोन्ही तुकड्यांचे डेल्टा एप्सिलॉन/२ साठी काढले, त्यांतला लहान घेतला, मध्ये १ घालून त्रिकोण असमानता लावली: |√क्ष − √य| ≤ |√क्ष − १| + |१ − √य|. एवढं पुरेल ना?

दुसरं, |√क्ष − √य|² ≤ |क्ष − य| धरलं तर डेल्टा = एप्सिलॉनचा वर्ग, एका ओळीत काम संपतं (जरा फसवल्यासारखंच वाटतं!). मग तुकडे पाडण्यावाचून गत्यंतर नाही, अशी फलं कोणती? क्ष² नको, ते [०, ∞) वर एकसमान संततच नाही: तिथे न आणि न + १/न घेतले की वर्गांतला फरक २ च्या वरच राहतो.