मदत हवी आहे: कच्छमधला हा थर वादळाचा की टर्बिडाइट?

गारगोटी: फील्ड रिपोर्ट सोमवारी द्यायचाय आणि एका बेडवर (थरावर) घोडं अडलंय. वाळूचा थर, खाली शेल (चिखलाचा दगड). तळ धारदार, त्यावर शिंपल्यांचा चुरा, मग बारीक वाळूत लॅमिना (पातळ पापुद्रे), माथ्यावर रिपल्स (पाण्याने उठवलेल्या वळ्या). मी टेम्पेस्टाइट (वादळाने टाकलेला थर) लिहिलंय, ग्रुपमधले टर्बिडाइट (पाण्याखालच्या उतारावरून धावत आलेल्या गढूळ प्रवाहाचा थर) म्हणतात. नक्की काय? प्लीज लवकर.

भटक्या_सिंधू: फोटो? कच्छ केवढं मोठं! फॉर्मेशन (खडकांचा गट) कुठलं?

जुना_पाषाण: टर्बिडाइटच. खाली जाड, वर बारीक, मग लॅमिना, मग रिपल्स. बूमा या भूशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हाच क्रम मांडला. यात विचारण्यासारखं काय आहे?

क्षारपड: पाषाणसाहेब, जोर ओसरत जाणारं कुठलंही पाणी असाच क्रम सोडून जातं, वादळाचंही. गारगोटी, रिपल्स दोन्ही बाजूंना सारखे की एकीकडे कललेले? आणि लॅमिना सरळ की फुगीर? हे सांगितल्याशिवाय कोणी काही ठरवू नये.

कोकणकडा७: ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या श्रीवर्धनच्या वाडीत वाळू शिरली होती. पोफळी आडव्या झाल्या त्या झाल्याच. त्या वाळूचाही पुढे दगड होईल का?

क्षारपड: कठीण आहे. किनाऱ्यावरची वाळू वारा आणि पुढच्या लाटा विस्कटून टाकतात. टिकतो तो जरा खोलवरचा थर, जिथे रोजच्या लाटा तळाला पोचत नाहीत, फक्त वादळी लाटा पोचतात. वादळ शमलं की वर चिखल बसतो आणि थर झाकला जातो.

गारगोटी: झुरण फॉर्मेशन, वरचा (म्हणजे उत्तर) जुरासिक काळ, भुजच्या उत्तरेला. रिपल्स दोन्हीकडे सारखे, शेंडे टोकदार. लॅमिना मध्ये फुगलेल्या, बाजूला खोलगट, उतार अगदी कमी, सगळ्या दिशांना. फोटो अपलोडच होत नाहीये.

क्षारपड: अगं, हे आधी सांगायचं ना! ही हमॉकी क्रॉस स्ट्रॅटिफिकेशन, म्हणजे वादळी लाटांनी होणारी उंचसखल लॅमिनांची रचना. १९७५ मध्ये हार्म्स आणि सहकाऱ्यांनी दिलेलं नाव. सारखे रिपल्स म्हणजे पाणी मागे-पुढे हेलकावत होतं. टर्बिडिटी प्रवाह एकाच दिशेने धावतो, तो असे रिपल्स करणार नाही.

लाट_२००४: त्सुनामी का नाही? टेक्सासमध्ये ब्रॅझोस नदीकाठी क्रेटेशियस काळाच्या शेवटच्या थराला काही जण त्सुनामीचाच म्हणतात.

क्षारपड: सेक्शनमध्ये (एकावर एक उघड्या पडलेल्या थरांत) असे थर किती आहेत, त्यावर बघा.

गारगोटी: बरेच. मध्ये मध्ये शेल, आणि वाळूच्या माथ्यावर किड्यांची बिळं.

क्षारपड: मग वादळंच, त्सुनामी इतक्या वेळा येत नाही. बिळं म्हणजे मधल्या शांत काळात प्राणी पुन्हा तळाशी राहायला आले. खोली लिही: रोजच्या लाटांच्या तळाखाली, वादळी लाटांच्या तळाच्या वर. वाऱ्याचा वेग मात्र लिहू नकोस, एका थरावरून तो निघत नाही.

देशस्थ_भ्रमंती: कच्छला जानेवारीतच जा, मे महिन्यात दगडाला हात लावता येत नाही.

गारगोटी: जाऊन आलोय हो! क्षारपड, तळाला लांबट खाचा भरलेल्या दिसतात, त्यांची दिशा घेतली आहे. टाकू का?

क्षारपड: त्या गटर कास्ट असणार. नक्की टाक, तळ खरवडणारं पाणी कोणत्या रेषेत वाहत होतं ते कळेल.

जुना_पाषाण: हमॉकीसारख्या रचना टर्बिडाइटमध्येही नोंदल्या गेल्यात. तेही एका वाक्यात लिही, तोंडी परीक्षेत मी तरी हेच विचारलं असतं.