‘स्ट्राँगली रिग्रेट’ लिहिलं तर बिघडलं कुठं?

टॉवेलवाला:
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसतो. परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं मीच लिहितो. मागच्या महिन्यात माल आठ दिवस उशिरा निघाला, म्हणून मी लिहिलं, ‘वुई स्ट्राँगली रिग्रेट द डिले.’ मालकांची लेक पुण्याला शिकून आलीय. ती वाचून हसली. म्हणे, ‘काका, डीपली रिग्रेट.’ मी विचारलं, का गं? ‘स्ट्राँगली रेकमेंड’ चालतं, ‘स्ट्राँगली ऑब्जेक्ट’ चालतं, मग रिग्रेटनंच काय घोडं मारलं? तिला सांगता येईना. ‘असंच असतं’ म्हणाली.

माझं म्हणणं, हे ‘असंच असतं’ म्हणजे इंग्रजीतलं सोवळंओवळं. पत्र गेलं, अर्थ पोचला, पुढची ऑर्डरही आली. कोणत्या क्रियापदाला कोणतं क्रियाविशेषण, याच्या याद्या घोकायला लावून पोरांना कशाला घाबरवायचं? एक ‘वेरी मच’ शिकवा, जन्म जातो त्यावर. बोला आता.

कडक_भाकरी:
बरोबर बोललात मालक. माझं पोरगं रात्री डोळे मिटून ‘फ्लॅटली रिफ्यूज, फ्रीली अ‍ॅडमिट, फ्लॅटली रिफ्यूज’ म्हणत बसतंय. आजीला वाटलं रामरक्षाच इंग्रजीत शिकवायला लागले.

पूर्वभागातल्या बाई:
टॉवेलवाले दादा, तुम्ही मराठीत ‘ढसाढसा हसलो’ लिहाल का? ‘खदखदा रडलो’? ‘सपशेल जिंकलो’? अर्थ पोचेल. सपशेल म्हणजे पूर्णपणे, म्हणजे पूर्णपणे जिंकलो. तरी वाचणारा थबकेल, कारण सपशेल माणूस पडतो, हरतो, आपटतो. जिंकत नाही. झोप गाढ लागते, विरोध कडाडून होतो, आरोप साफ फेटाळतात. हे तुम्हाला सोवळं वाटत नाही, कारण ते घरचं आहे.

मी वीस वर्षं इंग्रजी शिकवते. आमच्या भागात घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. तेलुगूत ‘बागा’ हा एक शब्द सगळीकडे धावून येतो. बागा जेवला, बागा पाऊस पडला, बागा अभ्यास केला. मुलं तोच ‘बागा’ इंग्रजीत नेतात आणि ‘आय वेरी लाइक’, ‘आय वेरी एन्जॉइड’ लिहितात. ‘वेरी’ला एकट्याला क्रियापदापुढे उभं राहता येत नाही, हे व्याकरण झालं. पण मी तिथेच थांबले तर मूल जन्मभर ‘वेरी मच’वरच राहणार. पाऊस ‘हेविली’, सहलीत मजा ‘थरोली’, गरज ‘बॅडली’, आणि विसरणं ‘कम्प्लीटली’. जोडीशिवाय शब्द शिकवणं म्हणजे चादर म्हणून नुसता ताणा विकणं. बाणा कोण घालणार?

टॉवेलवाला:
बाई, ताणाबाणा मला सांगू नका, त्यातच केस पांढरे झाले.
पण तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. ‘ढसाढसा’ मला कुणी यादीतून शिकवलं नाही. कानावर पडलं, बसलं. मग इंग्रजीचीच यादी कशाला? कानावर पडू दे की.

पूर्वभागातल्या बाई:
कुणाच्या कानावर, दादा? तुमच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलतात का? अशोक चौकात भाजीवाली ‘आय सिन्सिअरली होप’ म्हणत नाही. जिथे कानावर पडतच नाही तिथे वहीत तरी पडू दे.

ढवळ्या_पवळ्या:
थोडं मधे बोलतो. शब्दांच्या या संगतीला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. ही संज्ञा रूढ करण्यात जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाचा मोठा वाटा. १९५७ साली त्यानं लिहिलं, त्याचा आशय असा की शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत असतो ते बघा. गंमत म्हणजे हा गृहस्थ १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधून हे कधीच सांगून झालंय, तो भाग वेगळा.

आता टॉवेलवाल्यांच्या ‘का’चं उत्तर. ‘असंच असतं’ हे अर्धं खरं. ‘स्ट्राँगली’ बहुतेक अशा क्रियापदांना लागतं जिथे माणूस आपलं मत समोरच्यापुढे ठासून मांडतो: रेकमेंड, ऑब्जेक्ट, अपोज, अ‍ॅडव्हाइज, बिलीव्ह. ‘डीपली’ आत उतरतं: रिग्रेट, लव्ह, केअर, रिझेंट. दिलगिरी आतून यायची असते, म्हणून डीपली.

आणि ‘स्ट्राँगली रिग्रेट’ चुकीचं आहे असंही नाही! सरकारांच्या निवेदनांत ते सर्रास सापडतं. पण कुठे? दुसऱ्या देशानं काहीतरी केलं आणि आपण नाराजी नोंदवतोय, तिथे. म्हणजे तुमचा माल उशिरा, आणि पत्राचा सूर ‘या प्रकाराबद्दल आम्ही तीव्र नापसंती व्यक्त करतो’ असा. तुमचं गिऱ्हाईक भलं माणूस दिसतंय.

कडक_भाकरी:
आईशप्पथ. चोर तो चोर, वर शिरजोर.

टॉवेलवाला:
हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘बिटरली रिग्रेट’ पण ऐकलंय मी. ते चालेल का उशिरासाठी?

ढवळ्या_पवळ्या:
नको. ‘बिटरली रिग्रेट’ म्हणजे हात चोळत बसणं. जमीन विकली आणि आता जीव जळतोय, तिथलं ते. गिऱ्हाइकाला वाटेल, तुम्हाला त्याच्याशी धंदा केल्याचाच पस्तावा होतोय.

हुतात्मा_खिडकीची_जागा:
मी पुण्यात नोकरी करतो, शनिवारी सोलापूर. रोज परदेशी लोकांशी फोनवर बोलणं आहे, म्हणून सांगतो: तुम्ही सगळे चुकीच्या खड्ड्यात उतरलाय. जोडी चुकली तर लोक हसतात. जागा चुकली तर अर्थ बदलतो.

‘आय डोन्ट रियली लाइक इट’ म्हणजे ‘तितकंसं नाही आवडत’. ‘आय रियली डोन्ट लाइक इट’ म्हणजे ‘अजिबात नाही आवडत’. शब्द तेच. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका क्लायंटनं नमुना बघून ‘कान्ट से आय रियली लाइक इट’ असलं काहीतरी गुंतागुंतीचं म्हटलं आणि मी साहेबांना जाऊन सांगितलं, फार आवडलंय. पुढचं विचारू नका.

दुसरं ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’. बायोडाटात ‘आय वर्क हार्डली’ लिहिणारे मी स्वतः पाहिलेत. हार्डली म्हणजे जेमतेम. कष्टाळू म्हणायला गेला आणि कामचुकार म्हणून सही केली.

आणि तिसरं, आपल्याकडे ‘मला शेंगाची चटणी फार आवडते’, ‘मला फार आवडते शेंगाची चटणी’, ‘फार आवडते मला’, कसंही फिरवा. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवलेलं खपत नाही. ‘आय लाइक वेरी मच शेंगा चटणी’ म्हटलं की संपलं. चटणी आधी, वेरी मच नंतर. याद्या जाळा, जागा शिकवा.

पूर्वभागातल्या बाई:
जागा शिकवायलाच हवी, पण तिलाही जोडीची ओढ असते. ‘आय फुली अंडरस्टँड’मध्ये फुली क्रियापदाच्या आधीच शोभतं. ‘हार्ड’ मात्र नेहमी नंतर. शब्द कोणता हे माहीत नसेल तर जागा कशाला देणार?

सात_रस्ता:
बाई, ‘सपशेल’चा भाऊ इंग्रजीत ‘अटरली’ असं आमचे सर सांगायचे. अटरली रिडिक्युलस, अटरली फेल, वाईटाच्याच जोडीला. मी हात वर करून म्हटलं, सर, अटरली बटरली डिलिशस? सर दोन मिनिटं गप्प. मग मला वर्गाबाहेर काढलं. मी त्या दिवसापासून याद्यांच्या विरोधात आहे.

ढवळ्या_पवळ्या:
सरांनी हसायला हवं होतं. अमूलची ती ओळ १९६०च्या दशकापासून लोकांच्या तोंडात आहे, त्यात वाटा यमकाचा आणि ‘अटरली’ भलत्या ठिकाणी बसण्याचा. पण जोडी ठाऊक असल्याशिवाय मोडण्यातली मजा येत नाही. ‘सपशेल सुंदर’ असं भेळेच्या गाडीवर लिहून बघा.

कडक_भाकरी:
पार्क चौकात लिहितो उद्या. भेळ सपशेल खपली तर कळवतो.

टॉवेलवाला:
बरं. यादीवरून माझं मत अजून बदललेलं नाही, पण बाईंचा मान ठेवून चार जोड्या काल वहीत उतरवल्या. त्यातली एक कामाला पण आली. एका पार्टीकडे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत. त्यांना लिहिलं, ‘वुई बॅडली नीड द पेमेंट.’ जोडी बरोबर आहे ना बाई?

पूर्वभागातल्या बाई:
दादा, जोडी अगदी बरोबर आहे. पण पाठवू नका! ‘बॅडली नीड’ म्हणजे गळ्याशी आलंय, चूल पेटायची नाही. कारखान्याच्या पत्रात असं लिहिलं तर पार्टी म्हणेल, यांचं दुकान बसतंय, आता भाव पाडून मागू. ‘वुई वुड ग्रेटली अप्रीशिएट’ लिहा, पुढे तारीख टाका.

हुतात्मा_खिडकीची_जागा:
आणि ‘ग्रेटली’ वुडच्या नंतर, अप्रीशिएटच्या आधी. जागा!

टॉवेलवाला:
सकाळी साडेदहालाच पाठवलं की ओ.