प्रतिसाद: १७०७ नंतर बादशाही संपली?

'१७०७ मध्ये औरंगजेब गेला आणि मुघल सत्ता संपली' हे वर म्हटलं आहे, ते लष्कर आणि खजिन्यापुरतं पटतं. पण सत्ता गेली तरी बादशहाच्या नावाचं वजन गेलं नव्हतं, आणि याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने मुघल बादशहा शाह आलमचे डोळे काढले. ज्याला स्वतःचा वाडा राखता येईना, त्याच आंधळ्या बादशहाचं वकील-इ-मुतलकपदाचं (म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीच्या पदाचं) फर्मान महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्यात घेऊन आले. नाना फडणवीसांचा विरोध असूनही समारंभ झाला. बादशहाच्या जागी रिकामं तख्त मांडलं होतं. जेमतेम अठरा वर्षांच्या सवाई माधवरावांनी त्याला मुजरा करून नजराणा वाहिला. दिल्ली तेव्हा महादजींच्याच मुठीत होती, तरी अधिकार हवा तो बादशहाच्या शिक्क्याचा! मला हे फार विलक्षण वाटतं.

वानवडीला शिंदे छत्रीत जातो तेव्हा हेच रिकामं तख्त आठवतं. महादजी १७९४ मध्ये तिथेच वारले, आणि नऊच वर्षांत, १८०३ मध्ये, इंग्रज सेनापती जनरल लेकने दिल्ली घेतली. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा १८३५ पर्यंत शाह आलमच्या नावाचे रुपये पाडत होती.