वृद्धिकेंद्र की वृद्धिस्थान?

अनुवादिका : खालच्या जबड्याच्या वाढीवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'ग्रोथ सेंटर'ला वृद्धिकेंद्र आणि 'ग्रोथ साइट'ला वृद्धिस्थान असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी दोन्हीकडे वृद्धिकेंद्र करून टाकलं. अहो, सगळा वाद त्याच फरकावर आहे! काय करावं?

दंतवैद्य : फरक ठेवाच. कानापुढच्या सांध्यात जबड्याचं गोल डोकं बसतं. त्यावरची कूर्चा स्वतः वाढून जबडा पुढे ढकलते, असं पूर्वी मानत. म्हणजे केंद्र. १९६० च्या दशकात संशोधक मेल्विन मॉस यांनी उलट मांडलं : भोवतीचे स्नायू, मऊ भाग आणि त्यांची कामं जबड्याला खाली-पुढे नेतात, कूर्चा मागची जागा भरून काढते. म्हणजे स्थान. ही कूर्चा काढून दुसरीकडे रोवली तर फारशी वाढत नाही, लांब हाडांच्या टोकाची मात्र वाढते. लहानपणी हे डोकं मोडलं तरी बहुतेक मुलांचा जबडा पुढे नीट वाढतो. पण सांधा जखडला तर वाढ खुंटते. एकच बाजू जखडली तर हनुवटी त्या बाजूला कलते.

बोलीप्रेमी : मग सरळ 'वाढ जिथून होते' आणि 'वाढ जिथे होते' म्हणा की. संस्कृतचं ओझं कशाला?

शुद्धमती : पारिभाषिक शब्द दर वेळी वाक्य करून लिहायचा? वृद्धिस्थान सुटसुटीत आहे. माझा आक्षेप कूर्चेला आहे, उपास्थि म्हणा.

बोलीप्रेमी : शाळेच्या पुस्तकात कूर्चा वाचूनच आम्ही मोठे झालो. ती रुळलीये.

जुना वाचक : शाळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जबड्याला 'बिजागरीचा सांधा' म्हणणं मला अपुरं वाटतं. कानापुढे बोट ठेवून तोंड मोठं उघडा. जबड्याचं डोकं आधी फिरतं, मग पुढे घसरतं. बिजागरी घसरत नाही. आणि संस्कृतात 'हनु' म्हणजे जबडा. हनुवटीपुरता तो आपण आणून ठेवला.

शुद्धमती : बरोबर. आयुर्वेदातला हनुग्रह म्हणजे जबडा धरणं. आपली दातखीळ.

दंतवैद्य : दातखीळ जखडलेल्या सांध्यासाठी नको. ती स्नायू आवळल्याने बसते आणि सुटूही शकते. सांध्याची हाडं एकमेकांना जुळली की ती आपोआप सुटत नाहीत.

बोलीप्रेमी : आमच्याकडे तोंड उघडेना झालं की दातखीळच म्हणतात, कारण काहीही असो. बोलणाऱ्याने आधी हाडं तपासायची का?

अनुवादिका : लेख उद्या द्यायचाय. वृद्धिस्थानाचं काय करू?

जुना वाचक : 'खीळ' वरून आठवलं, 'खीळ बसणे' आणि 'खिळणे' यांचं नातं कुणी पाहिलंय का?