मदत हवी आहे: निर्यातीच्या द्राक्षबागेत मिलीबग (पिठ्या ढेकूण) कसा आवरता?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, माल युरोपला जातो. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) तोंडावर आलीय आणि ओलांड्यावरची (वेलीच्या आडव्या फांदीवरची) सैल साल उचकटली की खाली कापसासारखे पांढरे पुंजके, शेजारून मुंग्यांची रांग. यंदाही मिलीबग आहेच.

पूर्वी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाने खोड-ओलांडे धुवायचे, पुढे लागलं तर बुप्रोफेझिन हे दुसरं कीटकनाशक, असा बऱ्याच जणांचा क्रम होता. युरोपने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसची मान्यता काढली आणि एमआरएल, म्हणजे मालात चालणाऱ्या औषधाच्या अंशाची कमाल मर्यादा, किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! बुप्रोफेझिनचीही मर्यादा तेवढीच. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी निर्यात अडली, तेव्हाचे हाल जुन्या बागायतदारांना आठवत असतील. म्हणून 'थोडं मारलं तर कळत नाही' असले सल्ले कृपया नकोत. मला तर नियम पटतो. औषध आधी फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात जातं.

अडचण वेगळीच आहे. व्हर्टिसिलियम ही कीड मारणारी बुरशी फवारावी, तर छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगासाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक चालूच असतं आणि ते या मित्रबुरशीलाही सोडत नाही. कीड एकदा घडात शिरली की आत काही पोचत नाही. मण्यांवर चिकटा (किडीचा गोड चिकट स्राव), त्यावर काळी बुरशी, आणि पॅकहाउसमध्ये तो घड बाजूला. व्हर्टिसिलियम आणि मॅन्कोझेब, दोन्हीचं वेळापत्रक कसं बसवता? मिलीबग खाणारे क्रिप्टोलिमसचे भुंगेरे कोणी सोडलेत का? कधी सोडले?

उत्तर:
दादा, आमच्याकडे भुंगेऱ्यांनी काम केलंय, पण वेळ साधावी लागते. निफाडच्या थंडीत ते सुस्तावतात, त्यामुळे डिसेंबरची वाट बघू नका. कीड दिसते त्याच वेलींवर संध्याकाळी सोडा. खायला मिलीबग नसेल तर ते थांबत नाहीत. त्यांच्या अळ्यांवरही पांढरे मेणचट धागे असतात, हुबेहूब मिलीबगसारख्या दिसतात. मजुरांना आधीच दाखवून ठेवा, नाहीतर किडीबरोबर त्याही चिरडतात.

त्याआधी मुंग्या तोडा. चिकट्यासाठी त्या मिलीबगची राखण करतात, भुंगेऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत. खोडाला आणि मांडवाच्या लोखंडी अँगलला चिकटपट्टी लावा, वारुळं शोधा. साल आत्ताच हाताने काढा, खाली न पाडता गोणीत भरून जाळा. बांधावर जास्वंद, भेंडी असेल तर तीही तपासा, गुलाबी मिलीबग तिथेच तग धरतो.

व्हर्टिसिलियम छाटणीच्या आधी, ओल असताना, संध्याकाळी खोडावर मारून घ्या. पुढे डाऊनीच्या फवारण्या सुरू झाल्या की त्याच्यावर भिस्त नको. रासायनिक काही घ्यायचंच झालं तर अपेडाच्या (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) ॲनेक्श्चर ५ ची, म्हणजे चालणाऱ्या औषधांची, यंदाची यादी आणि पीएचआय (फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस) बघूनच घ्या, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर नको.

बाग किती वर्षांची आहे? साल सोललेल्या ओलांड्याचा फोटो टाका, म्हणजे प्रादुर्भाव कितपत आहे ते सांगता येईल.